आजार आटोक्यात, तरी बाई दमलेल्याच : आमवात, थकवा आणि एक दोन शिक्षकी शाळा

सातारा जिल्ह्याच्या माणदेशी भागातली पहिली ते चौथीची एक दोन शिक्षकी शाळा. तिथल्या शिक्षिका, वय ४१. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचं, म्हणजे आमवाताचं, निदान होऊन पाच वर्षं झालेली. पुण्यातल्या त्यांच्या संधिवाततज्ज्ञांनी त्यांना माझ्याकडे पाठवलं तेव्हा चिठ्ठीवर एवढंच होतं : ‘आजार आटोक्यात. थकवा खूप. नोकरी सोडण्याचा विचार करत आहेत.’

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. आजारामुळे रोजच्या कामात जिथे जिथे अडतं तिथे वाट काढणं हे माझं काम, मग ते काम भाकरी थापण्याचं असो की फळ्यावर लिहिण्याचं. शाळेतली मुलं त्यांना बाई म्हणतात, म्हणून इथे मीही बाईच म्हणते. ओळख पटू नये यासाठी काही तपशील बदलले आहेत आणि अशाच अडचणीतून गेलेल्या आणखी एका रुग्णाचे एकदोन अनुभव यात मिसळले आहेत.

हे प्रकरण सविस्तर मांडण्याचं कारण असं, की आमवात म्हटलं की आपण सांध्यांबद्दल बोलतो, सुजेबद्दल बोलतो, वाकड्या झालेल्या बोटांबद्दल बोलतो. नोकरी करणाऱ्या माणसाला मात्र कित्येकदा दुखण्यापेक्षा थकवा जास्त नडतो. दुखत असेल तर शेकता येतं, गोळी घेता येते, निदान ‘दुखतंय’ असं म्हणून घटकाभर बसता येतं. थकवा कुणाला दाखवणार? बाईंचा चेहरा स्टेरॉइडमुळे थोडा भरल्यासारखा झाला होता, त्यामुळे गावात भेटेल तो म्हणायचा, "बाई, तब्येत सुधारली की तुमची!" हे ऐकून त्यांना घरी येऊन रडू यायचं.

कागदावर काय होतं

बाईंची फाइल नीट लावलेली होती, शिक्षकाची असावी तशी. आमवाताचं मुख्य औषध मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा २० मिलिग्रॅम, सोबत फॉलिक अ‍ॅसिड, रोज हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड ५ मिलिग्रॅम. अंगातली सूज दाखवणारी सीआरपी ही रक्ततपासणी जवळपास नॉर्मल. डॅस-२८चा आकडा २.४.

या डॅस-२८बद्दल थोडं सांगायला हवं. आमवात किती जागा आहे हे मोजण्याची ही पद्धत जगभर वापरली जाते. डॉक्टर २८ सांधे दाबून पाहतात, त्यातले किती सुजलेत आणि किती दुखतात ते मोजतात, सीआरपी किंवा तशीच ईएसआर ही रक्ततपासणी धरतात, रुग्णाला एकूण कसं वाटतं ते विचारतात आणि या सगळ्याचा मिळून एक आकडा निघतो. तो २.६च्या खाली गेला की आजार शांत झाला असं मानतात. पद्धत चांगली आहे, तिच्यामुळे उपचाराला दिशा मिळते. पण त्या २८ सांध्यांत खांदे, कोपर, मनगटं, हाताची बोटं आणि गुडघे आहेत. घोटे आणि पावलं नाहीत. आणि थकवा त्यात वेगळा मोजलाच जात नाही. म्हणजे हा आकडा उत्तम असूनही माणूस पायांनी आणि थकव्यानं बेजार असू शकतो.

थकव्याची वेगळी नोंद हवी हे तज्ज्ञांनी मान्य करायलाही बराच काळ गेला. संधिवाताच्या अभ्यासांत काय मोजावं हे ठरवणाऱ्या ओमेरॅक्ट या आंतरराष्ट्रीय गटानं २००७ साली सांगितलं की आमवाताच्या प्रत्येक औषधचाचणीत थकवा मोजला पाहिजे, आणि ही मागणी पुढे रेटण्यात रुग्णांचाच मोठा वाटा होता. ब्रिस्टलच्या संशोधकांनी रुग्णांशी बोलून आमवाताच्या थकव्यासाठी खास प्रश्नावली तयार केली. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या यूलार या संघटनेनं तर थकव्याच्या व्यवस्थापनासाठी स्वतंत्र शिफारशी २०२३ साली काढल्या. आपल्याकडे गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरांना मिळणारी मिनिटं पाहता थकव्याचा प्रश्न मागे पडतो हे समजू शकतं. म्हणून रुग्णानंच तो पुढे आणावा असं मी प्रत्येकाला सांगते.

बाईंनी तो कसा सांगितला ते त्यांच्याच शब्दांत : "अंगात त्राणच राहत नाही, मॅडम. रात्री आठ तास पडते, पण उठल्यावर झोपल्यासारखं वाटत नाही. चौथीला भागाकार शिकवताना मध्येच पुढची पायरी आठवत नाही. वीस वर्षं शिकवतेय तो भागाकार. मुलं फळ्याकडे बघत राहतात आणि मी खडू हातात धरून उभी."

आळस, वय, मनाचे खेळ, असं बाईंना घरीदारी बरंच ऐकावं लागलं होतं. पण आमवातात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उठते. त्यातून होणाऱ्या दाहात, म्हणजे आतल्या सुजेत, टीएनएफ, आयएल-६ अशी रसायनं रक्तात उतरतात आणि ती मेंदूपर्यंत परिणाम करतात. ताप आला की अंग मोडून येतं, कुणाशी बोलू नये असं वाटतं, डोकं चालत नाही. तिथेही हीच रसायनं काम करत असतात. फरक इतकाच, की ताप चार दिवसांत उतरतो. त्यात भर म्हणून दुखण्यानं मोडलेली झोप, रक्ताची कमतरता, काही औषधांचे परिणाम, हालचाल कमी झाल्यामुळे दुबळे पडलेले स्नायू आणि खचलेलं मन. आमवात असलेल्यांपैकी साधारण निम्म्यांना तीव्र थकवा असतो. तो एकाच कारणानं येत नसल्यामुळे एका गोळीनं जातही नाही. जैविक औषधांनी, म्हणजे टीएनएफसारख्या रसायनांना रोखणाऱ्या नव्या औषधांनी, दाह झपाट्यानं उतरतो, पण थकव्यावर त्यांचा परिणाम बेताचाच होतो, हे २०१६च्या कॉक्रेन आढाव्यातही, म्हणजे अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या आढाव्यातही, दिसलं आहे.

थकव्याचा हजेरीपट

पहिल्या भेटीत मी बाईंना सांगितलं की नोकरीचा निर्णय तीन महिने बाजूला ठेवा. त्याऐवजी दोन आठवडे नोंदी ठेवा : दिवसातून चार वेळा थकव्याला ० ते १० मध्ये गुण द्यायचे, आणि त्याआधीच्या दोन-तीन तासांत काय केलं ते एका शब्दात लिहायचं. बाईंनी शाळेच्या हजेरीपटासारखाच तक्ता आखला. वर तारखा, डावीकडे वेळा, आणि ८च्या वरच्या प्रत्येक गुणाला लाल शाई.

तो तक्ता टेबलावर पसरला तेव्हा आठवड्याचा आकार डोळ्यांना दिसला. सोमवार पूर्ण लाल. मंगळवारी जरा उतार. बुधवार-गुरुवार ४-५, म्हणजे त्यातल्या त्यात चांगले. शुक्रवारी दुपारपासून पुन्हा लाल. शनिवार सकाळ सगळ्यांत वाईट, ९.

सोमवारचं कारण लगेच सापडलं. मेथोट्रेक्सेट बाई रविवारी रात्री घेत होत्या. पुष्कळ जणांना या गोळीनंतर दुसऱ्या दिवशी मळमळ, जड डोकं, गळून गेल्यासारखं होतं. म्हणजे आठवड्यातला पहिला कामाचा दिवस दर वेळी गोळीत वाहून जात होता. शनिवारचं कारण वेगळं होतं. इतर दिवशी शाळा साडेदहाची, शनिवारी साडेसातची. आमवातात सकाळी सांधे आखडलेले असतात. बाईंना मोकळं व्हायला पाऊण तास लागायचा. साडीच्या निऱ्या घालायच्या, पिना लावायच्या, डबा करायचा आणि स्कूटीवरून सहा किलोमीटर जायचं, तेही बोटं वळत नसताना.

बुधवार-गुरुवारकडे मात्र बाईंचं लक्षच नव्हतं, कारण तिथे लाल शाई नव्हती. मी त्या दोन दिवसांच्या नोंदी वाचून दाखवल्या. बुधवारी शाळा, मग तालुक्याला बँक, परत येताना दळण, रात्री वह्या तपासणं. गुरुवारी पहाटे उठून घर झाडणं, धुणं, शाळा, शाळेनंतर ऑनलाइन माहिती भरणं, रात्री पाहुणे. बरं वाटतंय तोवर साठलेलं सगळं उरकून घ्यायचं, आणि शुक्रवारी कोसळायचं.

बाईंचे पती सोबत आले होते. ते शेती करतात. तोवर गप्प बसलेला तो माणूस तक्त्यावर बोट ठेवून म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे विहिरीचा तळ लागेपर्यंत मोटर चालवली की पाणी परत यायला दोन दिवस जातात. निम्मं पाणी राखून बंद केली तर सकाळी पुन्हा तेवढंच असतं. हिचं तसंच आहे." मी वर्षानुवर्षं जे समजावत आले आहे ते इतकं नेमकं मला सांगता आलं नव्हतं. उपचाराच्या पुस्तकात यालाच कामाचा वेग आखणं म्हणतात, पण त्यातली अवघड गोष्ट वेगाची नाहीच. बरं वाटत असताना थांबणं अवघड आहे. दमल्यावर तर कुणीही बसतो. अंगात बळ असताना, कामं समोर दिसत असताना उठून दहा मिनिटं पाय वर करून बसायचं, हे आपल्याकडच्या बाईला, त्यातून सासरी राहणाऱ्या नोकरदार बाईला, जवळजवळ पाप वाटतं.

रक्त, गोळ्या आणि पावलं

वेळापत्रक आखण्याआधी शरीरात दुरुस्त होण्यासारखं काय आहे ते पाहणं गरजेचं असतं. थकवा आमवाताचाच असणार असं गृहीत धरलं की साध्या गोष्टी सुटतात. बाईंच्या हिमोग्लोबिनचा आकडा ९.६ होता आणि तो मागच्या तीन रिपोर्टांत हळूहळू उतरत आला होता. आमवातात दाहामुळेही रक्त कमी होतं, म्हणून तिकडे काणाडोळा झाला असावा. डॉक्टरांनी शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी फेरिटिनची तपासणी करून घेतली, आकडा १४ आला. दाह असताना फेरिटिन वाढतं आणि लोह कमी असूनही आकडा फसवा दिसू शकतो. इथे सीआरपी शांत होता आणि फेरिटिनही तळाला, म्हणजे लोह कमी हे स्पष्टच होतं. विचारल्यावर कळलं की दोन वर्षांपासून पाळीत अंगावरून खूप जातंय. संधिवाताच्या डॉक्टरांना हे कशाला सांगायचं, म्हणून बाईंनी ते कधी काढलंच नव्हतं. त्यांना स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि गोळीच्या आगेमागे तासभर चहा नाही हे बजावलं, कारण चहानं लोह अंगी लागत नाही. थायरॉइडची तपासणी झाली, ती ठीक निघाली.

प्रेडनिसोलोनची गोळी बाई रात्री जेवणानंतर घेत होत्या, ‘भरल्या पोटी’ एवढंच लक्षात राहिल्यामुळे. ही गोळी रात्री घेतली की अनेकांची झोप उडते. ती सकाळच्या नाश्त्यानंतर घ्यायला लागल्यावर आठवड्याभरात पहाटे तीनला जाग येणं थांबलं.

आता पावलांबद्दल. हा भाग मला या प्रकरणात सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. मी बाईंना शाळेचा एक दिवस मिनिटा-मिनिटानं सांगायला लावलं. वर्गात शिरताना त्या म्हणाल्या, "चप्पल बाहेर काढते." वर्गात चपला आणायच्या नाहीत हा नियम बाईंनीच मुलांना घालून दिलेला, वर्ग देवघरासारखा स्वच्छ. खाली शहाबादी फरशी, आणि दिवसाचे चार-साडेचार तास त्यावर अनवाणी उभं राहणं. मी त्यांच्या पावलाचा चवडा दोन्ही बाजूंनी हलकेच दाबला तर त्यांनी पाय झटक्यात मागे घेतला. डॉक्टरांनी पावलांची सोनोग्राफी करून घेतली. बोटांच्या मुळाशी असलेल्या सांध्यांत दाह होता. २८ सांध्यांच्या हिशेबात जो आजार शांत दिसत होता तो तळपायात चालूच होता.

त्यावरून औषध बदललं. डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट तेवढ्याच मात्रेत गोळीऐवजी त्वचेखालच्या इंजेक्शननं सुरू केलं. मोठ्या मात्रेत इंजेक्शन गोळीपेक्षा जास्त अंगी लागतं आणि बऱ्याच जणांची मळमळही कमी होते. वारही बदलून शनिवार रात्र ठरली. हा बदल डॉक्टरांना विचारूनच करायचा असतो, आणि एक धोक्याची सूचना इथे देणं मला भाग आहे : मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. चुकून रोज घेतलं गेल्यामुळे जीव गेल्याच्या घटना घडलेल्या आहेत. बाईंच्या कॅलेंडरवर शनिवारचं पान आता त्यांचा मुलगा लाल गोलानं भरतो.

पायांसाठी उपाय साधा होता. मऊ, जाड तळव्याच्या सँडल, फक्त वर्गात घालायच्या, बाहेर न्यायच्याच नाहीत. बाईंनी मुलांना कारण सांगितलं. दुसरीतल्या एका मुलीनं त्या सँडल रोज दारापाशी मांडून ठेवायचं काम स्वतःकडे घेतलं.

घरातला रविवार

वार बदलल्यानं सोमवार सुटला, पण थकवा रविवारवर आला, आणि रविवार घराचा होता. आठवड्याचं धुणं, साफसफाई, नातेवाईक, भाजी निवडणं, सगळं रविवारी. दुसऱ्या भेटीला बाईंच्या सासूबाई मुद्दाम आल्या. बाई त्यांना आत्या म्हणतात. त्यांचं म्हणणं स्पष्ट होतं : "शाळेसाठी बळ राखायचं आन् घरी यून निजायचं, ह्ये कसलं औषध?"

त्यांचा प्रश्न मला रास्त वाटला. नोकरी वाचवायची तर त्याची किंमत घरातून वसूल होते, आणि ती कुणी द्यायची हे कुणीतरी ठरवावं लागतं. मी आत्यांना तक्ता दाखवला, पण त्यांना अक्षरं वाचता येत नव्हती. लाल रंग मात्र त्यांनी बोटानं मोजला. मग विचारलं, "ही समदी लाल घरं म्हंजी त्रास?" हो म्हटल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. पुढच्या रविवारपासून ज्वारीची भाकरी आत्यांनी स्वतःकडे घेतली. मनगट सुजणाऱ्या माणसाला पीठ मळणं आणि थापणं ही घरातली सगळ्यांत जड कामं. धुण्याची जबाबदारी पतींवर आली. बादल्या उचलण्याऐवजी वाळत घालायची दोरी नळाजवळ आणली. जड पातेली, कुकरचं घट्ट झाकण, वरच्या फळीवरचे डबे, यांची फेरमांडणी एका दुपारी झाली, त्यात फार काही सांगण्यासारखं नाही.

व्यायामावरून मात्र वाद झाला. "दिवसभर उभीच असते की, वेगळं चालायचं कशाला?" उभं राहणं म्हणजे व्यायाम नव्हे, त्यानं फक्त पाय भरून येतात. आमवाताच्या थकव्यावर औषधांव्यतिरिक्त काय काम करतं याचा २०१३च्या कॉक्रेन आढाव्यात शोध घेतला गेला. तेव्हा शारीरिक हालचाल आणि विचार-सवयींवर काम करणारे उपचार या दोन्हींचा थोडा, पण खरा उपयोग दिसला. ब्रिटनमधल्या ७ रुग्णालयांत झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राफ्ट अभ्यासात संधिवाताच्या नर्स आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांनी रुग्णांचे गट घेतले. कामाची आखणी, विश्रांती, झोप, ‘नाही’ म्हणायला शिकणं असे विषय होते. थकव्याचा रोजच्या जगण्यावरचा परिणाम त्यानं कमी झाला आणि तो फरक दोन वर्षांनीही टिकून होता. बाईंनी सुरुवात बूट घालून संध्याकाळी दहा मिनिटं बांधापर्यंत चालण्यानं केली. दमणूक दुसऱ्या दिवशीही उरली तर वेळ कमी करायची, उरली नाही तर दोन आठवड्यांनी दोन-तीन मिनिटं वाढवायची.

शाळा

दोन शिक्षकी शाळेत एक शिक्षक बसला तर चार वर्ग दुसऱ्यावर पडतात. म्हणून इथली आखणी बाईंच्या सहकारी सरांशिवाय होऊच शकत नव्हती. बाईंनी त्यांना आजाराबद्दल ‘सांधे दुखतात’ यापलीकडे काही सांगितलं नव्हतं. मी सुचवलं की दया मागू नका, देवाणघेवाण मांडा. सरांना मोबाइलवर माहिती भरण्याचा मनापासून त्रास व्हायचा. ते काम बाईंनी पूर्ण स्वतःकडे घेतलं. अंगठा दुखतो म्हणून त्या मराठीत बोलून टाइप करतात. बदल्यात मधल्या सुट्टीतलं पोषण आहाराचं वाढप सरांनी सांभाळायचं ठरलं. त्या वेळात बाई ऑफिसच्या खोलीत एका खुर्चीत बसून दुसरीवर पाय ठेवतात आणि गजर लावून पंधरा मिनिटं डोळे मिटतात.

ही पंधरा मिनिटं मिळवायला सगळ्यांत जास्त धीर लागला. बाईंना भीती होती की गावातल्या कुणी खिडकीतून फोटो काढला आणि ‘शाळेत झोपणाऱ्या मॅडम’ म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवला तर? भीती पोकळ नव्हती. शेवटी त्यांनी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत आजार काय आहे, औषध कुठलं, विश्रांती कधी आणि किती, हे उभं राहून सांगितलं. एक पालक बाई म्हणाल्या, "आधी सांगायचं ना बाई, आम्ही काय परके आहोत का?" सगळ्याच नोकरदारांनी असं जाहीर सांगावं असा माझा आग्रह नाही. खासगी नोकरीत, कंत्राटावर असताना, बढती तोंडावर असताना कुणाला किती सांगायचं हे ज्याचं त्यानं जोखायचं असतं. बाईंच्या बाबतीत गावाचा विश्वास वीस वर्षांचा होता, तो कामी आला.

शिकवण्याची पद्धतही थोडी बदलली. उंच स्टूल आलं, ज्यावरून उठायला गुडघ्यांना कष्ट पडत नाहीत. फळ्याच्या वरच्या भागात हात उंचावून लिहिणं बंद झालं. रोजचे तक्ते आधीच लावलेले, आणि उदाहरणं मुलं येऊन सोडवतात. पेनला आणि खडूला स्पंज गुंडाळला, त्यामुळे चिमूट घट्ट धरावी लागत नाही. डोकं लागणारे विषय, म्हणजे तिसरी-चौथीचं गणित, साडेअकरा ते एकच्या दरम्यान आले, कारण तक्त्यात तोच वेळ सगळ्यांत हलका होता. गोष्टी, कविता, वाचन दुपारी.

अधिकाऱ्यांसाठी पत्र डॉक्टरांनी आधीही दिलं होतं, ‘विश्रांतीची गरज आहे’ असं. असं पत्र वाचून वरिष्ठ फार तर रजा देतात, आणि बाईंना रजा नको होती. नवं पत्र आम्ही मिळून असं लिहिलं : ‘यांना दीर्घकालीन दाहक संधिवात आहे. त्या पूर्णवेळ काम करण्यास सक्षम आहेत. सलग २० मिनिटांपेक्षा जास्त उभे राहणे टाळावे. वर्गात उंच आसन व मऊ तळव्यांची पादत्राणे वापरण्यास आणि मधल्या सुट्टीत १५ मिनिटे बसून विश्रांती घेण्यास परवानगी असावी.’ काय हवं ते मोजून मागितलं की देणाऱ्यालाही सोपं जातं. हे सगळं लगेच मंजूर झालं.

सकाळची शाळा

पहिल्या तीन महिन्यांत हिमोग्लोबिन ११.४ वर आलं आणि थकव्याचे गुण ७-८ वरून ४-५ वर उतरले. मग मार्च आला, ऊन वाढलं, शाळा रोज सकाळची झाली. शनिवारचा त्रास आठवडाभर पसरला. सांधे मोकळे व्हावेत म्हणून बाई साडेचारला उठू लागल्या, झोप तुटली, त्यात वर्षअखेरची मूल्यमापनं आणि निकालपत्रकं. दोन आठवड्यांत तक्ता पुन्हा लाल झाला.

आजार भडकलाय की नुसता थकवा साठलाय हे अशा वेळी ओळखावं लागतं. सांध्यावर दिसणारी सूज, आखडलेपण नेहमीपेक्षा बरंच लांबणं, यातलं काही असेल तर डॉक्टरांना कळवायचं. ताप आला तर लगेचच, कारण मेथोट्रेक्सेटवर असताना ताप अंगावर काढायचा नसतो. बाईंना यातलं काही नव्हतं. म्हणून आखणीच बदलली. रात्री साडेनऊला दिवा बंद. उठल्यावर आधी कोमट पाण्यात हात बुडवून बोटं चालवायची. साडीऐवजी सलवार-कुर्ता, गावात काय म्हणतील हा प्रश्न होता, पण निऱ्या-पिनांची वीस मिनिटं वाचली. प्रार्थना आणि परिपाठ सरांकडे, आणि त्या वेळात बाई स्टुलावर बसून हजेरी घेतात. निकालपत्रकं एका बैठकीत नाही, रोज पाच.

शाळेत अर्ध्या तासानं उशिरा येण्याची सवलत मागितली होती, ती तोंडी नाकारली गेली. त्यावर बाईंनी लेखी अर्ज दिला. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६च्या कलम २० नुसार शासकीय आस्थापनेनं दिव्यांग कर्मचाऱ्याला वाजवी सोयी द्यायच्या असतात, आणि नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून कुणाला कमी करता येत नाही. आमवाताचं नाव कायद्याच्या २१ प्रकारांच्या यादीत स्वतंत्रपणे नाही. हालचालीवर कायमचा परिणाम झाला असेल तर तो चलनविषयक दिव्यांगत्वात मोजला जातो. आरक्षणासारख्या लाभांना ४० टक्क्यांची अट आहे, पण दीर्घकालीन अडचण असलेल्या व्यक्तीची कायद्यातली व्याख्या त्या टक्केवारीशी बांधलेली नाही. ही गोष्ट कित्येक कर्मचाऱ्यांना माहीत नसते, आणि ‘टक्के भरत नाहीत’ म्हणून ती माणसं अर्जच करत नाहीत. थकव्याला टक्के कसे लावणार, हा प्रश्न कायद्यानंही अजून नीट हाताळलेला नाही असं माझं मत आहे. बाईंच्या अर्जाचं उत्तर अजून आलेलं नाही.

कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात आशियातलं पहिलं ऑक्युपेशनल थेरपीचं विद्यालय सुरू केलं. त्यांच्या नावाची शाळा असलेलं फलटण बाईंच्या शेजारच्याच तालुक्याचं गाव. तरीही एका स्टुलाचा आणि सँडलचा सल्ला घेण्यासाठी बाईंना पहाटेची एसटी धरून पुणं गाठावं लागलं, आणि तो प्रवास पुढच्या दोन दिवसांचं बळ खाऊन गेला. म्हणून आता एक भेट सोडून दुसरी आम्ही व्हिडिओ कॉलवर करतो. बाई तक्त्याचा फोटो आदल्या रात्री पाठवतात.

सध्या थकव्याचे गुण बहुतेक दिवशी ५च्या आत आहेत, पाळीच्या दिवसांत ७. प्रेडनिसोलोन डॉक्टर आता हळूहळू उतरवणार आहेत. त्यात थकवा तात्पुरता वाढू शकतो, म्हणून तो उतार मे महिन्याच्या सुट्टीत घ्यायचं ठरलं आहे. पावलांची सोनोग्राफी जूनच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा होईल. पहिलीचे नवे प्रवेश त्याच सुमाराला असतात. घरोघरी फिरून पटनोंदणी करण्याचं काम सरांनी घेतलं आहे, आणि त्याचे तक्ते भरण्याचं बाईंनी.